इंटरनेटवर जुने फोटो पाहताना : नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या खोलीत जमतो, इंटरनेटवरून उतरवलेला किंवा कोणाच्या घरचा एखादा जुना फोटो भिंतीवर मोठा करून लावतो आणि तासभर तो एकच फोटो पाहतो. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, कॉलेजची मुलेही आहेत. त्यांनी चिठ्ठ्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

१. ऐतिहासिक फोटो इंटरनेटवर कुठे पाहायला मिळतात? पैसे भरावे लागतात का?

बहुतेक मोठ्या संग्रहांत फोटो पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. सुरुवात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छायाचित्र विभागापासून करावी, कारण तेथे प्रत्येक फोटोसोबत त्याची नोंद व्यवस्थित दिलेली असते. विकिमीडिया कॉमन्स, इंटरनेट आर्काइव्ह, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा डिजिटल संग्रह आणि युरोपातील संग्रहालयांना एकत्र आणणारे युरोपियाना ही ठिकाणेही तितकीच उपयोगी आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्लिकर कॉमन्सवर अनेक देशांतील संस्थांचे जुने फोटो पाहता येतात. भारतातील साहित्यासाठी केंद्र सरकारचे ‘इंडियन कल्चर’ पोर्टल आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ पाहावे, मात्र दुसऱ्यात फोटोंपेक्षा कागदपत्रे जास्त आहेत.

शंभर वर्षांपूर्वीचा खराखुरा रंग पाहायचा असेल, तर पॅरिसजवळच्या आल्बेर कान संग्रहालयाचा संग्रह चुकवू नये. कान या बँकरने १९०९ ते १९३१ या काळात जगभर छायाचित्रकार पाठवले आणि त्यातून सुमारे ७२ हजार रंगीत काचा (तेव्हा फोटो काचेवर उमटवत) जमल्या. स्तेफान पासे हा त्याचा छायाचित्रकार १९१३-१४ मध्ये भारतातही येऊन गेला. या काचांना ऑटोक्रोम म्हणतात आणि त्यांच्यावरचा रंग बटाट्याच्या स्टार्चच्या रंगवलेल्या बारीक कणांतून येतो. म्हणून ते फोटो मोठे केले की रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसू लागतात.

२. मला इतिहासाचे फारसे ज्ञान नाही. फोटोत नेमके पाहायचे काय?

ज्ञान नसले तरी चालते. वेळ मात्र द्यावा लागतो. आमच्याकडे एक नियम आहे : पहिली दहा मिनिटे फोटोखालची ओळ कोणीही वाचायची नाही. आधी चारही कोपरे पाहावेत, मग जमीन, मग पायांत काय आहे ते, मग भिंती, आणि चेहरे सर्वांत शेवटी. चेहऱ्यापासून सुरुवात केली की नजर तेथेच अडकते आणि बाकीचा फोटो पाहायचा राहून जातो.

एकदा एका सदस्याच्या घरचा पंगतीचा फोटो लावला होता. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, उघड्या अंगाने वाढणारे दोन गृहस्थ आणि मांडी घालून बसलेली तीस-चाळीस माणसे, एवढेच पहिल्यांदा दिसले. पंधरा मिनिटांनी एका मुलीच्या लक्षात आले की सगळी पंगत खाली मान घालून जेवते आहे आणि पाण्याचे भांडे घेतलेला एकच मुलगा थेट कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. त्याच्या हातातले भांडे कललेले होते आणि पाणी पेल्याच्या बाहेर सांडत होते. फोटो आणखी मोठा केल्यावर त्याच्या मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर दिसले आणि त्यावरून लग्नाचा महिनाही कळला. ज्यांच्या घरचा फोटो होता त्यांनी तो लहानपणापासून पाहिला होता, पण तो मुलगा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

इंटरनेटवर असा सराव करण्यासाठी रशियाच्या प्रोकुदिन-गोर्स्की यांचे फोटो फार चांगले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत त्यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकापाठोपाठ एक असे तीन फोटो घेऊन रंगीत चित्रे तयार केली. हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतला. या फोटोंत स्थिर घरे आणि माणसे लख्ख दिसतात, पण वाहत्या नदीच्या पाण्यावर आणि हललेल्या फांद्यांवर लाल-निळ्या कडा उमटलेल्या असतात, कारण तीन फोटोंच्या मधल्या क्षणांत पाणी पुढे गेलेले असते. शंभर वर्षांपूर्वीचे ते दोन-चार सेकंद आपल्याला डोळ्यांनी दिसतात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

३. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. तेवढ्यावर भागेल का?

पाहण्यापुरते नक्की भागते. फोन आडवा धरावा, पडद्याचा उजेड वाढवावा आणि डाउनलोड करताना मधल्या आकाराची जेपेग (नेहमीची, लहान केलेली) फाइल निवडावी. मोठ्या संग्रहांतील टिफ (सगळा तपशील जपणारी) फाइल शंभर एमबीहूनही मोठी असू शकते आणि मोबाइलवर तिचा काही उपयोग नसतो. वयस्कर मंडळींसोबत पाहायचे असेल तर प्रश्न १४ पाहावा.

४. ‘जुने नागपूर’ असे शोधले की तेच ते दहा फोटो येतात. नवे कसे शोधायचे?

ज्या काळाचे फोटो हवेत त्या काळचे नाव आणि त्या काळचे स्पेलिंग वापरावे लागते. जुन्या इंग्रजी नोंदींत नागपूरचे स्पेलिंग एन-ए-जी-पी-ओ-आर-ई असे सापडते आणि सीताबर्डी, कामठी यांचीही दोन-तीन रूपे आढळतात. शिवाय बऱ्याच नोंदींत गावाचे नाव नसतेच, नुसते ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ म्हणजे मध्य प्रांत असते. म्हणून गावाऐवजी प्रांत, रेल्वे, कापूस, गिरणी, तलाव, दुष्काळ अशा विषयांनी शोधले तर जास्त हाती लागते. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. त्यामुळे या दोन विषयांचा शोध त्या वर्षांपासून पुढे घ्यावा.

दुसरी वाट जुन्या पुस्तकांतून जाते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य मिळतो आणि त्यात आपल्या भागातील माणसांचे कितीतरी फोटो आहेत. ते पुस्तकाच्या पानांत असल्यामुळे नेहमीच्या चित्रशोधात सहसा दिसत नाहीत; पाने उलटत बसावे लागते. अशा फोटोंकडे कसे पाहावे, याविषयी प्रश्न १२ मध्ये लिहिले आहे.

५. जुन्या फोटोंत माणसे हसत का नाहीत, आणि भर बाजारातले रस्ते रिकामे कसे दिसतात?

सुरुवातीच्या काळात एका फोटोसाठी काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर कित्येक सेकंद, कधी मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागे. जो हलला तो पुसट झाला आणि जो चालत निघून गेला तो उमटलाच नाही. फोटोग्राफीच्या आरंभीचे फ्रेंच संशोधक दागेर यांनी १८३८ मध्ये काढलेल्या पॅरिसच्या रस्त्याच्या फोटोत एवढ्या वर्दळीतून ठळक उमटला तो मुख्यतः एक माणूस, कारण तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा होता. १८८० च्या सुमारास प्रकाश झटकन टिपणाऱ्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्यावर ही अडचण संपली. तरीही माणसे हसेनात, कारण फोटो काढणे हा घरातला गंभीर प्रसंग होता आणि तसबिरीत बसल्यासारखे बसण्याची रीत होती.

६. आजीचे लुगडे लाल होते असे सगळे सांगतात, पण फोटोत ते काळे दिसते. फोटो रंगीत करून घेतला तर खरा रंग कळेल का?

लुगडे लालच असणार. जुन्या काचांना आणि फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ कळत नसे, म्हणून लाल वस्तू काळपट येत आणि निळे आकाश पांढरेफटक येई. कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते तेही त्यामुळेच. तांबड्यासह सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळीकडे रुळेपर्यंत विसाव्या शतकाची दोन-तीन दशके गेली आणि छोट्या स्टुडिओंत जुना माल त्यानंतरही वापरला जात असे.

संगणकाने केलेले रंग हा अंदाज असतो. काळपट दिसणारे लुगडे तो तपकिरी करील किंवा गडद निळे करील, कारण ते लाल होते ही माहिती फोटोत उरलेलीच नसते, ती फक्त घरातल्या माणसांच्या आठवणीत असते. रंगीत प्रत जरूर करावी, पण ती चित्र समजून करावी, मूळ फोटो वेगळा जपावा आणि रंगीत प्रतीवर ‘रंग नंतर भरले आहेत’ असे लिहून ठेवावे.

७. व्हॉट्सॲपवर ‘१९१० ची सीताबर्डी’ म्हणून फोटो आला. खरा की खोटा, हे कसे ओळखायचे?

मी स्वतः असा एक फोटो कौतुकाने चाळीस जणांना पाठवला होता. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने तो मोठा करून दुकानाची पाटी दाखवली, तर तिच्यावरची अक्षरे गुजराती होती आणि शहर भलतेच होते. त्या चाळीस जणांना दुरुस्ती कळवायला मला आठवडा लागला, आणि त्यांनी तो पुढे ज्यांना पाठवला होता त्यांच्यापर्यंत ती कधी पोहोचलीच नाही. तेव्हापासून पाट्या वाचल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही.

पहिली पायरी म्हणजे गूगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो टाकून तो आधी कुठे प्रसिद्ध झाला आहे ते पाहणे. दुसरी पायरी इमारतींची आहे. रेल्वे स्थानकाची सध्याची इमारत जानेवारी १९२५ मध्ये सुरू झाली आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन १९४० मध्ये झाले; त्यांपैकी काही दिसत असेल तर १९१० हा दावा तेथेच संपतो. दीक्षाभूमीच्या बाबतीत ही चूक फारच वारंवार होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा म्हणून फिरणाऱ्या फोटोत स्तूप दिसत असेल, तर तो फोटो त्या दिवसाचा असूच शकत नाही, कारण स्तूपाचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि त्याचे लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये झाले. ज्या दिवसाविषयी लाखो माणसांच्या मनात इतका आदर आहे, त्या दिवसाच्या नावाने चुकीचा फोटो फिरवू नये, असे मला मनापासून वाटते.

पाटीवरची अक्षरे उलटी दिसत असतील तर फोटो खोटा ठरत नाही. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली असेल. आरशातल्यासारखा फिरवून पुन्हा पाहावा.

८. घरच्या जुन्या फोटोवर तारीख नाही. काळ कसा ठरवायचा?

आधी फोटो उलटा करावा, कारण मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो आणि नागपूरकरांसाठी त्या शिक्क्यात फार मोलाची खूण असते. आपले शहर एका आयुष्याच्या आत चार राज्यनावांखाली राहिले आहे. शिक्क्यावर ‘नागपूर, सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) असेल तर तो शिक्का जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेला असतो. ‘नागपूर, एम. पी.’ असेल तर तो १९५० ते १९५६ या काळातला, कारण त्या वर्षांत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आलो. पत्त्यात ४४० ने सुरू होणारा पिनकोड असेल तर फोटो ऑगस्ट १९७२ नंतरचा समजावा, कारण पिनकोड तेव्हाच सुरू झाला.

यात एक सावधगिरी आहे. राज्याचे नाव बदलले म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी नवा शिक्का करत नसे. जुना शिक्का झिजेपर्यंत चालवला जाई. म्हणून शिक्क्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच खात्रीने म्हणावे आणि ‘याच्या नंतरचा नाही’ हे ठरवण्यासाठी दुसरा पुरावा शोधावा. फोटोतल्या लहान मुलाचे वय हा सर्वांत चांगला पुरावा असतो, कारण त्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर सापडते.

९. घरचे फोटो स्कॅन कसे करावेत, आणि अल्बममधून काढताना फाटू लागले तर?

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई; आकडा मोठा तितका तपशील जास्त) आणि पासपोर्टएवढ्या फोटोला १२०० डीपीआय ठेवावे. मूळ स्कॅन टिफमध्ये जपावे, वाटण्यासाठी जेपेग करावे, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. ती बहुतेक जण विसरतात. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, थेट ऊन न येता भरपूर उजेड येईल अशा जागी फोटो सपाट ठेवून मोबाइलने बरोबर वरून टिपावा.

चिकट पानांच्या अल्बममधील किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. ओढला की चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि तो पुन्हा बसवता येत नाही. आहे तसाच स्कॅन करावा. नंतर अल्बम माळ्यावर मुळीच ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टी होतो आणि पावसाळ्यात तेथेच ओल धरते. खोलीतले कपाट, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेले, हीच योग्य जागा आहे.

१०. आजोबांचा फोटो ॲपने हलता-बोलता करून मिळतो. करावा का?

हा प्रश्न घरातल्या सर्वांना विचारून ठरवावा. एका घरी नातवाने हौसेने आजोबांना बोलते केले आणि आजी खोलीतून उठून गेली, कारण तो आवाज त्यांचा नव्हता. मला स्वतःला ते पटत नाही. डोळे मिटणे, मान वळवणे या माणसाच्या खास लकबी असतात आणि ॲप तेथे परक्याच लकबी घालते; काही वर्षांनी नातवंडांना त्याच खऱ्या वाटू लागतील. तरीही केलेच तर प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यावर तसे लिहून ठेवावे.

११. इंटरनेटवरचा जुना फोटो आमच्या स्मरणिकेत छापता येईल का?

मोठ्या संग्रहांत बहुतेक फोटोंखाली हक्कांची नोंद असते, ती आधी वाचावी. ‘पब्लिक डोमेन’ (म्हणजे कोणाचा हक्क उरलेला नाही) असे असल्यास छापता येतो, आणि तरीही संग्रहाचे नाव देणे शोभून दिसते. भारतात प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. पूर्वी छायाचित्राचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकत असे; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे मधल्या काळातील फोटोंचा हिशेब गुंतागुंतीचा होतो आणि स्मरणिका विकायची असेल तर वकिलाला विचारलेले बरे.

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोबाबत मात्र वेगळा करार नसल्यास काढून घेणारी व्यक्ती पहिली हक्कदार असते. आजोबांनी पैसे देऊन काढवलेला लग्नाचा फोटो छापताना स्टुडिओची परवानगी शोधत बसण्याची गरज सहसा पडत नाही.

१२. दुष्काळातले आणि आदिवासींचे जुने फोटो पाहताना अपराधी वाटते. ते पाहावेत की टाळावेत?

असे वाटणे योग्यच आहे आणि म्हणून टाळू नयेत. आपल्या प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ सोसले. त्या काळातले हाडे निघालेल्या मुलांचे फोटो इंटरनेटवर आहेत, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांची नावे विचारण्याची गरज बहुधा कोणाला वाटली नव्हती. तीच गोष्ट जाती-जमातींच्या फोटोंची. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने भारतातील लोकांच्या फोटोंचे आठ खंड काढले. त्यांत माणूस नमुन्यासारखा उभा केलेला आहे.

आम्ही असे फोटो बैठकीत लावतो तेव्हा चहा आधी उरकतो आणि खालची इंग्रजी ओळ जशीच्या तशी उच्चारत नाही, कारण तिच्यात अनेकदा अपमानकारक शब्द असतात. मग त्या माणसाच्या हातात काय आहे, अंगावर काय आहे, तो कोणाच्या शेजारी उभा आहे ते पाहतो. एका गोंड स्त्रीच्या फोटोसमोर आमच्यातल्या एका गोंड सदस्याने तिच्या गळ्यातील प्रत्येक अलंकाराचे नाव सांगितले. पुस्तकातल्या ओळीत त्यांपैकी एकही नाव नव्हते. हे फोटो शुभेच्छांसोबत किंवा सजावटीसाठी वापरू नयेत.

१३. फोटोंशिवाय इंटरनेटवर असा दुसरा कोणता साधा, रोजचा आनंद मिळतो?

पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे फोटोंना जोडता येतात. जुना सर्व्हे नकाशा उघडून आपली गल्ली तेव्हा शेत होती की तलाव, ते शोधता येते. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली. आकाशवाणीची केंद्रे आता मोबाइलवर ऐकता येतात आणि दुपारच्या निवांत वेळी फोटो पाहताना ती मंद आवाजात चांगली सोबत करते. छिंदवाड्याकडे पूर्वी जाणाऱ्या नॅरोगेज गाडीची चित्रफीत लावून नुसता चाकांचा आवाज ऐकणारे आमच्यात दोघे आहेत. ते मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात जाऊन इंजिनला हातही लावून येतात. दिवसाला एक फोटो, सकाळच्या चहासोबत, एवढेच ठरवले तर ते वर्षानुवर्षे चालते. शंभर फोटो एका बैठकीत सरकवले की संध्याकाळी एकही आठवत नाही.

१४. आई ऐंशीच्या पुढे आहे. तिला हे सगळे कसे दाखवू?

मोबाइल तिच्या हातात देऊ नये. फोटो टीव्हीवर लावावा आणि एका वेळी एकच लावावा. ‘हे कोण, आठवते का?’ असे विचारू नये, कारण नाव आठवले नाही की ती खट्टू होते आणि गप्प बसते. माणसांऐवजी वस्तूंपासून सुरुवात करावी. माझ्या आईला मी इंटरनेटवरचा एका अनोळखी स्वयंपाकघराचा फोटो दाखवला, त्यात कोळशाची शेगडी होती. ‘हिची राख या बाजूने काढत नाहीत, हात भाजतो,’ असे ती चटकन म्हणाली आणि मग महाल भागातल्या घरी कोळसा कोण आणून देई, पोते कुठे ठेवत, पावसाळ्यात तो ओला होऊ नये म्हणून काय करत, हे अर्धा तास सांगत राहिली. त्यातले एकही वाक्य मी आधी ऐकलेले नव्हते.

तिची हरकत नसेल तर बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे, मध्ये तिला दुरुस्त करू नये, आणि रेकॉर्डिंगच्या फाइलला ज्या फोटोवरून ती बोलली त्याच फोटोचे नाव व त्या दिवसाची तारीख द्यावी, म्हणजे दोन्ही फाइली पुढे एकमेकींपासून सुटत नाहीत.